पेटंटाचं म्हातारपण

कापूस घरात आला की घराचा आवाज जातो. ज्यांच्या घरात कधी कापूस साठवला गेला नाही त्यांना हे सांगून पटत नाही. ट्रॅक्टर दाराशी लागतो, गठुडी आत ओतली जातात, समोरची खोली आढ्यापर्यंत पांढरी होते आणि त्या दिवसापासून घरात कोणी कडाकडा भांडलं तरी भांडण मऊ ऐकू येतं. हाक मारली तर ती ढिगात शिरते आणि तिकडेच राहते. वणीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. कापूस आवाज शोषून घेतो, एवढं मला कारणांसकट सांगता येतं. पण कारण माहीत असलं म्हणून अंगावरचा काटा बसतो असं नाही, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

दिवाळी सरली की आमच्या गावात सकाळी दोन गोष्टी सोबत उतरतात, धुकं आणि कोळशाची धूळ. चंद्रपूरच्या रस्त्यानं ट्रक जातात ते दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं. यंदाही ते सगळं वेळेवर आलं आहे. समोरची खोली मात्र अजून रिकामी आहे. काल मी तिथे सहज खाकरलो तर चारी भिंतींनी मला माझं खाकरणं परत दिलं. मी दचकलो आणि मग आपल्याच दचकण्याचा राग आला.

मागे एका वर्षी याच खोलीत आम्ही एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहत बसलो होतो. म्हातारा आमच्या नात्यातला नव्हता. खरं तर तो माणूसच नव्हता.

आमचं वावर मारेगावच्या अंगाला आहे. माझ्या थोरल्या भावानं ते घेतलं. तो कोळशाच्या खाणीत होता. जमिनीच्या पोटात राबून त्यानं जमिनीचा एक तुकडा मिळवला. आमच्या घराण्यात त्याच्याआधी कोणाच्या नावावर मातीचं ढेकूळही नव्हतं. सातबाऱ्यावर नाव चढलं त्या दिवशी त्यानं आधी विहारात मेणबत्ती लावली, मग पेढे वाटले. पुढे तो गेला. मी एकटा, लग्न न केलेला. भावाच्या घरात राहतो आणि वहिनींच्या हातचं खातो. वावर वहिनीच पाहतात. कापसाची पराटी उभी असताना त्या वावरात चालतात ते एखाद्या मालकिणीसारखं नाही, लेकीच्या घरी पाहुणी आलेल्या आईसारखं. सगळीकडे हात लावून पाहतात आणि बोलत काही नाहीत.

त्या वर्षीचा कापूस घरात आला आणि मागोमाग वहिनींचा जुना आजार आला. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन कितीतरी वर्षं झाली होती, आम्ही विसरलोही होतो. तो विसरला नव्हता. पाठ दुखते म्हणून नागपूरला गेलो तर मणक्यात ठिपका निघाला. डॉक्टरांनी दोन औषधं सांगितली. एक रोजची साधी गोळी, आणि तिच्या जोडीला एक नवी कॅप्सूल. ती सगळ्या शरीरावर वरवंटा फिरवत नाही, रोगाच्या पेशी ज्या किल्लीनं वाढतात ती किल्लीच अडवते. डॉक्टर मला शास्त्र समजावत होते आणि मी, लाज वाटते सांगायला, वर्गातल्या हुशार पोरासारखा खूश होऊन मान डोलवत होतो. किंमत बाहेर आल्यावर कळली. एका डब्यात ट्रॅक्टरभर कापूस जात होता, आणि डबा दर महिन्याला लागणार होता.

वहिनींची मुलगी मनीषा नागपूरलाच औषधांच्या एका ठोक दुकानात काम करते. तिनं रस्त्यावर उभ्या उभ्याच सांगितलं, "आई, याचं पेटंट संपून राह्यलं. संक्रांतीच्या आसपास. मंग कोनतीबी कंपनी बनवू शकते. भाव एकदम खाली येईन."

वहिनींचा चेहरा उजळला. "मंग आता कायले घ्याचं? थांबू ना. भाव उतरू दे."

"डॉक्टर म्हनते थांबू नोका."

"डॉक्टर काय कास्तकार हाये? घाईचा सौदा बुडीतच जाते पोरी."

चूक इथे झाली, आणि ती आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. कापूसवाल्या माणसाला थांबण्याचा एक गर्व असतो. ज्याला गरज आहे तो दिवाळीतच माल काढतो. ज्याच्यात दम आहे तो घरात रचतो, त्याच्यावर झोपतो, खाजवत बसतो, पण भाव फिरेपर्यंत हलत नाही. वहिनींनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरलं होतं. मनीषा रडली, म्हणाली वावर विकू. वहिनी म्हणाल्या, "तुह्या बापानं अंधारात कमावलं ते मी गोया करून गिळू काय?" त्यानंतर त्या विषयावर पालथ्या घड्यावर पाणी. साधी गोळी सुरू झाली, आणि कॅप्सूल संक्रांतीवर राहिली.

पेटंट म्हणजे काय ते मी त्यांना कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून समजावलं. ज्यानं शोध लावला, पैसा लावला, त्याला वीस वर्षं दुसऱ्या कोणाची स्पर्धा नको, म्हणून सरकार दाराशी एक राखणदार बसवतं. नाहीतर शोध कोण लावेल? त्या मुदतीत औषध फक्त त्याचं, भावही तोच ठरवणार. मुदत संपली की राखणदार उठतो. हे मी शाळेत शिकवलं होतं, त्यावर निबंध लिहून घेतले होते, आणि मला ते आजही अगदी चूक वाटत नाही. वहिनी तूर निवडत ऐकत होत्या.

"म्हंजे वीस वर्साचा हाये तो?"

"पेटंटाचं वीस म्हंजे म्हातारपन, वैनी. त्याच्यापुढं त्याले आयुष्य नाही."

"आन् तो जित्ता असेपर्यंत जे मरतीन त्याईनं काय करावं?"

मी चष्मा पुसला. एवढी वर्षं कोण्या विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवसापासून घरात तो आला. वहिनींनी त्याचं नाव म्हाताराच ठेवलं. सकाळी न्हाणीघरात पाण्याची चूल पेटवताना मोठ्यानं विचारायच्या, "काय भाऊजी, म्हातारा कसा हाये आज?" मीही थट्टेत म्हणायचो, "खोकून राह्यला, पन दम हाये." मनीषाचा फोन आला की पहिलं विचारणं त्याचंच. कंपनी त्याच औषधाला जरा नवं रूप देऊन मुदत वाढवायचं पाहते असं तिला दुकानात कोणी बोललं, तर वहिनी म्हणाल्या, "दुसरा सदरा घालून येते काय तो?" आपल्याकडच्या कायद्यात नुसता सदरा बदलून सहसा चालत नाही, एवढं मी वाचून सांगितलं. हसू आलं आम्हाला. थट्टेनं भीती कमी होते असं म्हणतात. आमच्या घरात थट्टेनं भीतीला बसायला जागा करून दिली.

कारण मार्गशीर्षातल्या एका सकाळी कापसाच्या ढिगाला खळगा पडलेला दिसला. आदल्या दिवशी तिथे सपाट होतं. खिडकीकडच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, माणूस टेकून बसल्यावर पडतो तसा. मी म्हटलं, मांजर. वहिनी म्हणाल्या, "मांजरीले एवढी पाठ असते काय?" मी हात घालून कापूस सारखा केला. दुसऱ्या दिवशी खळगा तिथेच. वाळताना कापूस दबतो, खाली पोकळी राहते, वरचा थर बसतो. मी असं समजावलं आणि मलाच ते पाठ केलेल्या उत्तरासारखं वाटलं.

मग धूळ. कौलांच्या फटीतून कोळशाची बारीक पूड साऱ्या ढिगावर पसरायची, पांढऱ्यावर राखाडी साय धरायची. खळग्यात धूळ नव्हती. तेवढीच जागा लख्ख पांढरी, कोणी तरी बसून ती झाकल्यासारखी. एकदा भर दुपारी मी हट्टानं त्या खळग्यात बसून पाहिलं. ऊब होती. कापूस उष्णता धरून ठेवतो, ती माझ्याच अंगाची ऊब मला परत मिळत होती, हे मला माहीत होतं. तरी मी उठलो तो पाठ न दाखवता, मागे मागे सरकत उठलो. आमचं घर छप्पन साली देव्हारे सोडून आलेलं घर. भूत, करणी, अंगारा यांना आमच्या वडिलांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, आणि मी तिथे मागे सरकत होतो.

एका संध्याकाळी विडीचा वास आला. घरात कोणी विडी ओढत नाही. कापूस असलेल्या घरात विडी म्हणजे घरादाराची राख, म्हणून मी पाण्याची बादली घेऊन धावलो. खोलीत कोणी नव्हतं, धूर नव्हता, ठिणगी नव्हती. वास मात्र खिडकीजवळच होता. बाहेर रस्त्याला एखादा ट्रकवाला थांबला असेल. वहिनी दारात उभ्या राहिल्या, वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "वढू द्या. चार दिवसाचा सोबती."

शेजारच्या बेबीबाईंचं आणि आमचं न्हाणीघर भिंतीला भिंत लागून. त्या रोज सकाळी आमची म्हाताऱ्याची चौकशी ऐकत होत्या. कोण आजारी पाहुणा घरात आणून ठेवला म्हणून त्या एक दिवस ज्वारीची पातळ कण्हेरी वाटीत घेऊन आल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण वहिनींनी डोळ्यांनीच अडवलं.

"लई दिवस झाले वो बाई," बेबीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जीव जात नसंल तं भुईवर घ्या त्याले. आमच्यात असंच करते. आन् इचारून पाहा, जीव कोनात अडकला. त्या मानसानं मोकया केला का सुटते."

"माह्यात अडकला," वहिनी म्हणाल्या.

बेबीबाई वाटी ठेवून निघून गेल्या. मला वाटलं आता वहिनी खळाळून हसतील. त्या हसल्या नाहीत. कापसाच्या खोलीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आपल्याले वाटते आपन त्याच्या मरनाची वाट पाहून राह्यलो. तो बी तं बसून माहीच वाट पाहून राह्यला. दोघातून कोन आधी, एवढंच हाये."

कण्हेरी त्यांनी स्वतः खाल्ली. त्यांना तेव्हा अन्न जात नव्हतं, ती मात्र वाटी पुसून खाल्ली.

त्या पौषात त्यांची पाठ वाकली. भाकरी थापताना एक हात कमरेवर जाऊ लागला. खोकला आला की त्या कापसाच्या खोलीत जाऊन खोकायच्या, म्हणजे मला ऐकू येणार नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? पण मी काही बोललो की एकच उत्तर, आता आलीच संक्रांत. मला भीती वाटायची. रोगाची वाटायची, त्याहून जास्त त्यांच्या त्या शांत थांबण्याची.

पेटंट संपलं त्या दिवशी काहीच झालं नाही. मी सकाळपासून उगाच अस्वस्थ. एवढं मोठं कुलूप कुठेतरी उघडलं आणि वणीत कुत्रंही भुंकलं नाही. दुपारी खाणीत नेहमीसारखा सुरुंग उडाला, खिडक्या थरथरल्या, मांडणीवरची ताटं वाजली. मी समोरच्या खोलीत डोकावलो. ढीग घसरून खळगा बुजला होता, वर राखाडी धूळ सगळीकडे सारखी. हादऱ्यानं कापूस ढासळतो. मी वहिनींना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि थोडा वेळ भिंतीला टेकून बसल्या, कोण्या घरच्या माणसाचं ऐकल्यावर बसतात तशा.

त्याच संध्याकाळी बेबीबाई आल्या. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे कोणी म्हाताऱ्याची चौकशी केली नव्हती, त्यावरून त्या समजल्या. "मयत कवा नेली वो? रडन्याचा आवाज बी नाही आला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, कापसाच्या घरात आवाज येत नाही. याहून खरं उत्तर मला सुचलं नाही.

मनीषानं थोड्याच दिवसांत कॅप्सूल पाठवली. एका कंपनीची नाही, तिला हव्या त्या कंपनीची. किंमत आधीच्या मानानं किरकोळ. तीच पूड, तीच किल्ली अडवण्याची करामत, आणि कालपर्यंत ती आमच्यासाठी जगात नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी अंगणात जाऊन दगड भिरकावला, या वयात. पुढच्या तपासणीत मणक्यातला ठिपका पसरलेला दिसला, सोबत कमरेच्या हाडातही. मनीषा बोलून गेली, बैल गेला आन् झोपा केला. वहिनींनी तिला गप्प केलं. "ठेवल्या मालात घट येतेच," त्या म्हणाल्या. "त्यात रडाचं काय?"

ठेवलेल्या कापसात घट येते, हे खरं. ओल उडते, वजन उतरतं, थोडा पिवळा पडतो. पण कापूस राहतो. शेवटी काट्यावर चढतो. माणसाच्या हाडातली घट कोणत्या भावानं भरून काढायची, हे वहिनींना विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

औषधानं काम केलं, हे नाकारणार नाही. वहिनींची पाठ पुष्कळ सरळ झाली. त्या परत वावरात जाऊ लागल्या, पहिल्या वेच्याच्या दिवशी बायांसोबत बांधावर दहीभात खाऊ लागल्या. वेचणीआधीची सीतादहीची पूजा आमच्या घरानं जुन्या धर्मासोबत सोडली, दहीभात मात्र जिभेनं सोडला नाही. नागपूरच्या त्या दवाखान्याच्या ओट्यावर आम्हाला झरी जामणीकडच्या बाया भेटायच्या, आपसात कोलामीत बोलणाऱ्या, तपासणीचे कागद पिशवीत छातीशी धरलेल्या. त्यांच्यातल्या कितीजणींच्या दाराशी असे राखणदार बसून गेले असतील, आणि त्यांना कोणी ते दाखवलंही नसेल. आम्हाला निदान आमचा म्हातारा दिसला. दिसल्याचा उपयोग काय झाला, हा प्रश्न मी वर्षं लोटली तरी चघळतो आहे.

आणि आता यंदाचं धुकं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की या कॅप्सूलला रोगानं वळसा घातला. तो दुसरी किल्ली शिकला. तीही अडवणारं औषध आहे, अगदी नवं आहे. बाहेर आल्यावर मनीषा फोनवर कोणाशी तरी बोलत राहिली. मग गाडीत येऊन बसली आणि काच खाली करून बाहेर पाहू लागली. वरोरा मागे पडलं.

मग वहिनींनी विचारलं, "हा केवढा हाये?"

मनीषानं काच परत वर केली. गाडीच्या दोन्ही बाजूंना पराटी पांढरी फुटलेली, आणि वरून धूळ. शेवटी मीच म्हणालो, "लहान हाये, वैनी. लई वर्सं हायेत त्याची अजून."

त्या मांडीवरच्या पदराची घडी घालत राहिल्या. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हाताऱ्याची पाह्यली," त्या म्हणाल्या. "लेकराच्या मरनाची वाट मी नाही पाहनार. वावर काढा इकाले."

रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. वहिनींनी वेचणीच्या बायांना तोवर थांबायला सांगितलं आहे. उभ्या पराटीत फुटलेला कापूस दिसला की वावराला भाव बरा येतो.